शिकारी पक्ष्यांमधील कृमिसंसर्ग

गरुड, घारी, ससाणे, शिक्रे, गिधाडे, घुबडे इत्यादी मांसाहारी पक्ष्यांच्या शरीरात परजीवी कृमींचे वास्तव्य असणे यास शिकारी पक्ष्यांमधील कृमिसंसर्ग असे म्हणतात. हे कृमी मुख्यतः चार गटांतील असतात : गोलकृमी, पर्णकृमी, पट्टकृमी आणि काटेरी सोंडेचे कृमी. पक्ष्याची अन्ननलिका, जठर, आतडे, श्वासनलिका, वायुकोश, रक्त, स्नायू आणि डोळे या सर्व ठिकाणी त्यांची नोंद झालेली आहे. बहुतेक कृमी पक्ष्याच्या शरीरात भक्ष्यावाटे शिरतात. त्यामुळे कोणत्या पक्ष्यात कोणते कृमी आढळतील हे त्या पक्ष्याच्या कुळापेक्षा त्याच्या आहारावर अधिक अवलंबून असते.

रानटी शिकारी पक्ष्यांत कृमी आढळणे ही सामान्य गोष्ट आहे. कृमींमुळे पक्षी आजारी पडणे ही त्या मानाने कमी घडणारी गोष्ट आहे. हा फरक लक्षात न घेतल्यास मृत पक्ष्याच्या पोटात सापडलेल्या कृमींनाच मृत्यूचे कारण ठरवले जाते आणि खरे कारण दुर्लक्षित राहते.

संसर्ग आणि रोग

परजीवी ज्याच्या शरीरात राहतो व ज्याच्यावर पोसला जातो त्या प्राण्यास पोशिंदा म्हणतात. परजीवी आणि त्याचा नेहमीचा पोशिंदा यांचा सहवास दीर्घकाळचा असतो. पोशिंदा लवकर मेला तर परजीवीच्या अंड्यांचा प्रसार थांबतो. म्हणून जुन्या सहवासात बहुधा दोघेही तग धरून राहतात. निरोगी, पोट भरलेल्या प्रौढ घारीच्या आतड्यातील काही पट्टकृमींमुळे तिच्या उड्डाणात वा शिकारीत फरक पडल्याचे सहसा दिसून येत नाही.

हा समतोल काही ठरावीक परिस्थितींत ढळतो. पहिली परिस्थिती वयाची. घरट्यातील पिल्ले आणि नुकतीच उडू लागलेली पिल्ले यांची प्रतिकारशक्ती पुरेशी तयार झालेली नसते. याच काळात ती स्वतः शिकार करायला शिकत असतात, वारंवार उपाशी राहतात आणि पकडायला सोपे असे भक्ष्य, म्हणजे कीटक, गांडुळे, बेडूक, आजारी उंदीर, अधिक खातात. कृमींचा भार वाढण्यास आणि तो सोसण्याची शक्ती घटण्यास एकच वेळ येते. दुसरी परिस्थिती अन्य आजाराची वा दुखापतीची. पतंगाच्या मांजाने पंख कापलेली घार किंवा शिशाच्या विषबाधेने अशक्त झालेला गरुड यांच्यात एरवी निरुपद्रवी असलेले कृमी त्रासदायक ठरतात. तिसरी परिस्थिती बंदिवासाची. पिंजऱ्यात तोच पक्षी त्याच मातीवर दिवसचे दिवस राहतो, विष्ठेतील अंडी तेथेच साचतात आणि त्या अंड्यांना वाहून नेणारे भुंगेरे वा गांडुळेही तेथेच असतात. रानात जे चक्र मैलोगणती पसरलेले असते ते पिंजऱ्यात काही हातांच्या जागेत पूर्ण होते.

कृमींची वाटणीही सर्व पक्ष्यांत सारखी नसते. परजीवीशास्त्रातील एक सर्वत्र आढळणारा नियम असा की, एखाद्या समूहातील बहुतेक प्राण्यांत थोडे कृमी असतात आणि थोड्या प्राण्यांत बहुतेक कृमी असतात. त्यामुळे केवळ ‘किती टक्के पक्षी संसर्गित’ हा आकडा रोगाविषयी फारसे सांगत नाही. एकेका पक्ष्यात किती कृमी होते हे पाहावे लागते.

आहार आणि कृमींचे जीवनचक्र

बऱ्याच कृमींना आपले जीवनचक्र पूर्ण करण्यासाठी दोन, तीन, क्वचित चार प्राण्यांतून जावे लागते. ज्या प्राण्यात कृमी प्रौढ होऊन अंडी घालतो तो अंतिम पोशिंदा; ज्यांत त्याच्या अळीची वाढ होते ते मध्यस्थ पोशिंदे. याशिवाय काही प्राण्यांत अळीची वाढ होत नाही, पण ती जिवंत टिकून राहते आणि पुढे नेली जाते. त्यांना वाहक पोशिंदे म्हणता येईल. शिकारी पक्षी अन्नसाखळीच्या टोकाला असल्याने बहुधा अंतिम पोशिंदे ठरतात.

अन्नसाखळी किती लांब असू शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्ट्रायजिया फाल्कोनिस हा पर्णकृमी. याचे वर्णन १९२८ साली झिडाट या जर्मन शास्त्रज्ञाने केले. शिकारी पक्ष्याच्या आतड्यातील प्रौढ कृमीची अंडी विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली केसाळ अळी गोड्या पाण्यातील गोगलगायीत शिरते. गोगलगायीच्या शरीरात तिची अलैंगिक पद्धतीने वाढ होऊन एका अळीपासून असंख्य अळ्या तयार होतात. दुभंगलेल्या शेपटीच्या या अळ्या पाण्यात बाहेर पडून बेडकाच्या डिंभात, म्हणजे भैरोळ्यात, घुसतात. भैरोळा वा त्याचा झालेला बेडूक एखाद्या पक्ष्याने खाल्ला की अळी त्या पक्ष्याच्या ऊतींत जाऊन बसते आणि आवरणात बंदिस्त होते. हा पक्षी शिकारी पक्ष्याच्या तावडीत सापडला तरच कृमी प्रौढ होतो. डबके, गोगलगाय, बेडूक, पाणपक्षी आणि शिकारी पक्षी यांपैकी एक दुवा नाहीसा झाला तरी हे चक्र तुटते. म्हणूनच काही अभ्यासक अशा कृमींच्या उपस्थितीकडे पाणथळ परिसर शाबूत असल्याची खूण म्हणून पाहतात.

ससाणे आणि गरुड-शिक्रे यांची शरीररचना वरवर सारखी दिसत असली, तरी जनुकीय अभ्यासानुसार ससाणे हे गरुडांपेक्षा पोपटांना जवळचे आहेत. घुबडांचे कुळ तर निराळेच आहे. असे असूनही उंदीर खाणाऱ्या घुबडात आणि उंदीर खाणाऱ्या दिनचर पक्ष्यात एकाच प्रजातीसमूहाचे कृमी सापडतात. याउलट कीटक, पाली व उंदीर खाणारा पिंगळा, साप पकडणारा सर्पगरुड, मासे पकडणारी मोरघार आणि पक्ष्यांचा पाठलाग करणारा बहिरी ससाणा यांच्या कृमींची यादी बरीच वेगवेगळी निघते.

भक्ष्य सहज पकडले जाण्यामागेही कधीकधी कृमींचाच हात असतो. जमिनीवरील कवचधारी कीटकसदृश प्राण्यांत, ज्यांना मराठीत लाकडी वाळव्यांसारखी ठरावीक नावे नाहीत पण जे कुंड्यांखाली गोळा होऊन बसलेले दिसतात, काटेरी सोंडेच्या एका कृमीची अळी वाढते. जॅनिस मूर यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे संसर्गित प्राणी ओलसर अंधाऱ्या जागा सोडून उघड्यावर अधिक येतात आणि मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या तोंडी अधिक पडतात असे दिसले. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधील तांबड्या ग्राऊज या पक्ष्यांवर हडसन, डॉब्सन व न्यूबॉर्न यांनी केलेल्या अभ्यासात (१९९२) भक्षकांनी मारलेल्या पक्ष्यांत आंत्रकृमींचा भार अधिक आढळला. ही उदाहरणे थेट शिकारी पक्ष्यांच्या कृमींची नाहीत. मात्र शिकारी पक्ष्याच्या वाट्याला निरोगी भक्ष्यापेक्षा संसर्गित भक्ष्य अधिक का येत असावे, हे त्यांवरून समजते.

कृमींचे गट

गोलकृमी हा रोगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा गट आहे. त्यांचे शरीर दोऱ्यासारखे, खंडविरहित आणि दोन्ही टोकांना निमुळते असते. पोरोसीकम हे मोठे आंत्रकृमी गरुड, बझर्ड आणि घुबडे यांच्यात आढळतात. त्यांची अंडी गांडुळाच्या पोटात जातात, गांडूळ चिचुंद्री खाते आणि चिचुंद्री पक्षी खातो. पिल्लांमध्ये ते फार झाल्यास आतड्याचा मार्ग अडतो व पिल्लू खंगत जाते. जठराच्या भित्तीत राहणारे सिनहिमँटस, फायसॅलोप्टेरा आणि मायक्रोटेट्रामेरिस हे कीटकांमार्फत येतात. यांपैकी मायक्रोटेट्रामेरिसची मादी जठरग्रंथींत फुगून लालसर गोळीसारखी दिसते. श्वासनलिकेतील सिन्गॅमस ट्रॅकिया या कृमीचे नर व मादी कायमचे एकमेकांना चिकटलेले असून जोडी रोमन लिपीतील वाय या अक्षरासारखी दिसते. कोंबड्यांच्या व्यवसायात हा कृमी परिचित आहे. शिकारी पक्ष्यांत, विशेषतः घुबडांत, त्याचा नातलग सायॅथोस्टोमा आढळतो. त्याची जोडी मात्र कायमची जुळलेली नसते. दोन्ही संसर्गांत पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेतो, मान ताणतो आणि खोकल्यासारखा आवाज काढतो.

पर्णकृमी चपटे असून त्यांना चिकटण्यासाठी चूषके असतात. स्ट्रायजिया आणि निओडिप्लोस्टोमम या प्रजाती शिकारी पक्ष्यांच्या लहान आतड्यात नेहमी आढळतात. थोड्या संख्येत ते निरुपद्रवी असतात. हजारोंच्या संख्येत झाल्यास आतड्याचे अस्तर सुजते व रक्तस्राव होतो.

पट्टकृमींचे शरीर फितीसारखे व खंडमय असते. क्लॅडोटीनिया ही प्रजात उंदीर व व्होल यांच्या यकृतातून शिकारी पक्ष्यांत येते. पॅरुटेरिना ही प्रामुख्याने घुबडांची. पट्टकृमी दिसायला भयावह असले, तरी या पक्ष्यांमधील रोगकारक म्हणून त्यांचे महत्त्व सर्वांत कमी आहे. विष्ठेत हलणारे पांढरे खंड पाहून पाळणारे वा शुश्रूषा करणारे लोक घाबरतात, परंतु पक्ष्याच्या अशक्तपणाचे कारण बहुधा दुसरेच असते.

काटेरी सोंडेच्या कृमींना पचनसंस्था नसते; ते आतड्यातील पचलेले अन्न कातडीतून शोषून घेतात. सोंडेवरील आकड्यांनी ते आतड्याच्या भित्तीत रुतून बसतात. शिकारी पक्ष्यांत सेंट्रोऱ्हिंकस ही प्रजात सर्वाधिक आढळते. तिची अळी कीटकांत वाढते आणि बेडूक, पाली, सरडे, साप हे तिचे वाहक पोशिंदे असतात. भारतातील घुबडे व अन्य शिकारी पक्ष्यांतून या प्रजातीच्या अनेक जातींचे वर्णन झाले आहे. आकडे खोल रुतले तर आतड्यास छिद्र पडून उदरपोकळीत संसर्ग पसरू शकतो.

वायुकोशकृमी

शिकारी पक्ष्यांच्या कृमींपैकी सर्वांत जास्त अभ्यास झालेला कृमी म्हणजे सेराटोस्पिक्युलम. याचे कारण शास्त्रीय कुतूहलापेक्षा आर्थिक आणि सांस्कृतिक आहे. अरबी द्वीपकल्पात ससाण्यांकरवी शिकार करण्याची परंपरा आजही जिवंत आहे, तेथे ससाण्यांसाठी स्वतंत्र रुग्णालये आहेत आणि एकेका पक्ष्याची किंमत मोठी असते. त्यामुळे ससाण्यांच्या आजारांबाबत अन्य कोणत्याही शिकारी पक्ष्यापेक्षा अधिक माहिती जमा झाली आहे. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी ससाण्यांतही या गटातील कृमी वारंवार आढळतात.

पक्ष्यांची फुप्फुसे लहान व जवळजवळ ताठ असतात. त्यांतून हवा खेळती ठेवण्याचे काम छाती व पोटातील पातळ भित्तींचे वायुकोश करतात. या वायुकोशांत सेराटोस्पिक्युलमचे प्रौढ कृमी गुंतवळासारखे पडून असतात. मादी सुमारे २० सेंमी. लांब होऊ शकते, नर बराच लहान असतो. मादीने घातलेल्या जाड कवचाच्या अंड्यांत अळी आधीच तयार असते. अंडी श्वासमार्गाने घशापर्यंत येतात, गिळली जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. भुंगेरे व तत्सम कीटक ती खातात. त्यांच्या शरीरात अळी संसर्गक्षम अवस्थेस पोहोचते. ससाणा असा कीटक, किंवा कीटक खाल्लेला सरडा वा लहान सस्तन प्राणी खातो तेव्हा अळी जठराच्या भित्तीतून पार होऊन वायुकोशांत पोहोचते.

अनेक ससाण्यांत हा संसर्ग कोणतेही लक्षण न दाखवता असतो. नेहमीच्या तपासणीत दुर्बिणीने वायुकोश पाहताना कृमी अचानक नजरेस पडतात. भार वाढल्यास पक्षी लवकर दमतो, पाठलाग अर्ध्यावर सोडतो, वजन घटते, कधी ओकारी येते आणि विश्रांतीच्या वेळीही शेपटी श्वासाबरोबर खालीवर हलताना दिसते. कृमींनी दुखावलेल्या वायुकोशांत ॲस्परजिलस या बुरशीची लागण झाल्यास मात्र स्थिती गंभीर होते. बुरशीजन्य आजार हाच अशा पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रत्यक्ष कारण ठरतो आणि कृमी केवळ वाट मोकळी करून देतात.

तोंड व घशातील केशकृमी

कॅपिलेरिया व युकोलियस या केसासारख्या बारीक गोलकृमींचा संसर्ग ससाणे, शिक्रे व घुबडे यांत आढळतो. जातीनुसार ते जीभ, टाळू, अन्ननलिका, गळपिशवी किंवा आतड्याच्या अस्तरात शिरून राहतात. काही जातींची अंडी थेट पक्ष्याला संसर्ग करू शकतात, तर काहींना गांडुळाची मदत लागते. तोंडातील संसर्गात अस्तरावर पिवळसर पांढरा थर जमतो, गिळताना वेदना होतात, पक्षी मांसाचा तुकडा उचलतो आणि मान झटकून टाकून देतो. भूक असूनही खाता न येणे हे या रोगाचे वैशिष्ट्य होय.

असाच थर ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीमुळेही येतो. कबुतरे खाणाऱ्या ससाण्यांत व शिक्र्यांत हा रोग फार जुना असून युरोपातील ससाणेपालकांनी त्याला मध्ययुगापासून स्वतंत्र नाव दिलेले आहे. कँडिडा ही बुरशी आणि अ जीवनसत्त्वाचा अभाव यांमुळेही तोंडात मिळतीजुळती लक्षणे दिसतात. या चौघांचे उपचार पूर्णपणे भिन्न आहेत. थरातील ओला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर काही मिनिटांत निर्णय होऊ शकतो. न पाहता दिलेले औषध वाया जाते आणि त्या काळात पक्षी उपासमारीने दगावतो.

स्नायूंतील कृमी

ट्रायकिनेला या गोलकृमीच्या अळ्या प्राण्यांच्या स्नायूंत राहतात. या प्रजातीतील बहुतेक जाती सस्तन प्राण्यांपुरत्या मर्यादित आहेत. १९७२ साली कॉकेशस भागातील एका रॅकूनमधून वर्णन केलेली ट्रायकिनेला स्युडोस्पायरॅलिस ही जात मात्र सस्तन प्राण्यांबरोबर पक्ष्यांतही वाढते. तिच्या अळ्यांभोवती स्नायूत कोष तयार होत नाही. मृत प्राण्यांचे मांस खाणारे व शिकारी असे दोन्ही प्रकारचे पक्षी तिचे पोशिंदे असून टास्मानियातील मुखवटाधारी घुबडातही तिची नोंद आहे. दूरवर उडणारे पक्षी तिचा प्रसार मोठ्या अंतरांवर करत असावेत असे मानले जाते.

निदान

जिवंत पक्ष्यात निदानाची पहिली पायरी ताज्या विष्ठेची तपासणी ही होय. संपृक्त मिठाच्या वा साखरेच्या द्रावणात गोलकृमींची हलकी अंडी वर तरंगतात. पर्णकृमींची आणि काटेरी सोंडेच्या कृमींची अंडी जड असल्याने ती बुडतात. त्यांच्यासाठी गाळ बसवून पाहावा लागतो. केवळ तरंगण्याची पद्धत वापरल्यास हे दोन्ही गट नजरेतून सुटतात. अंडी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नसल्यामुळे एका नमुन्यात काही न दिसणे म्हणजे संसर्ग नसणे नव्हे. केशकृमीचे अंडे लिंबाच्या आकाराचे व दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखे दिसते. वायुकोशकृमीच्या अंड्यात गुंडाळलेली अळी दिसते.

शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत एक विशेष अडचण उद्भवते. त्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या आतड्यातही कृमी असतात आणि त्यांची अंडी न पचता विष्ठेतून बाहेर येतात. कबुतर खाल्लेल्या शिक्र्याच्या विष्ठेत कबुतराच्या गोलकृमींची, तर उंदीर खाल्लेल्या घुबडाच्या विष्ठेत उंदराच्या कृमींची अंडी दिसतात. अशा ‘पाहुण्या’ अंड्यांमुळे निरोगी पक्ष्यावर उपचार झाल्याची उदाहरणे होत राहतात. काही दिवस कृमिमुक्त खाद्य देऊन पुन्हा तपासणी केल्यास हा संशय दूर होतो.

वायुकोशांसाठी दुर्बीण, रक्तातील सूक्ष्म अळ्यांसाठी रक्ताचा पातळ थर आणि जातीची खात्री करण्यासाठी जनुकीय तपासणी वापरतात. मृत पक्ष्याच्या शवविच्छेदनात वायुकोश सर्वांत आधी काळजीपूर्वक उघडले जातात, कारण उदरपोकळी घाईने कापल्यास ते फाटतात. कृमी कोठे होते, किती होते आणि तेथील ऊतीत सूज वा जखम होती का, या तीन गोष्टींची नोंद झाली तरच त्या कृमींचा मृत्यूशी संबंध जोडता येतो. नुसती कृमींची यादी त्यासाठी पुरेशी नाही.

गिधाडांच्या ऱ्हासाचा तपास

मृत्यूचे कारण ठरवताना घाई केल्यास काय होऊ शकते, हे भारतीय उपखंडातील गिधाडांच्या उदाहरणावरून समजते. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानासह अनेक ठिकाणी गिधाडे मोठ्या संख्येने मरू लागली. माना खाली टाकून बसलेली अशक्त गिधाडे पाहून संसर्गजन्य रोगाचा संशय प्रथम घेतला गेला आणि त्या दिशेने बरेच संशोधन झाले. मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या पक्ष्याच्या शरीरात जंतू व परजीवी सापडणार हे उघड होते. प्रश्न त्यांनी मृत्यू ओढवला का, हा होता. लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडांचा पद्धतशीर अभ्यास करून २००४ साली दाखवून दिले की, गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे अंश खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती आणि अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचत होते. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती.

उपचार व पुनर्वसन

गोलकृमींवर आयव्हरमेक्टिन व बेंझिमिडॅझोल गटातील औषधे, तर पर्णकृमी व पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल वापरतात. काटेरी सोंडेच्या कृमींवर औषधांचा परिणाम अनिश्चित असतो. वायुकोशकृमींवर आखाती देशांत आयव्हरमेक्टिन व मेलार्सोमिन यांचा वापर झालेला आहे. मोठ्या प्रमाणावरील संसर्गात मेलेले कृमी वायुकोशांतच कुजून दाह निर्माण करू शकतात. म्हणून काही वेळा ते दुर्बिणीच्या साहाय्याने काढून घेतात.

औषध निरुपद्रवी असते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. फेनबेंडॅझोल हे कुत्रे व गुरे यांच्यात सुरक्षित मानले जाणारे औषध आहे. आफ्रिकी पांढऱ्या पाठीची गिधाडे, लॅपेट गिधाडे व माराबू करकोचे यांना ते दिल्यानंतर अस्थिमज्जेचे कार्य थांबून पक्षी दगावल्याचे २००३ साली नोंदवले गेले. पिसे झडून नवी येत असताना दिल्यास नव्या पिसांत दोष राहतात; उड्डाणावरच जगणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने हे पुढच्या पिसबदलापर्यंतचे अपंगत्व ठरते.

जखमी पक्ष्यावर कृमिनाशकाचा उपचार केव्हा करावा, याविषयी पशुवैद्यकांत मतभेद आहेत. काही केंद्रे येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला औषध देतात. दुसऱ्या मतानुसार आधी पक्ष्याच्या शरीरातील पाण्याची कमतरता भरून काढावी, तो खाऊ लागल्यावर विष्ठा तपासावी आणि गरज असेल तरच औषध द्यावे. अत्यंत अशक्त पक्ष्यात एकदम मेलेल्या कृमींचा भार सोसवत नाही हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. सोडून देण्यापूर्वी प्रत्येक कृमी नष्ट करण्याचा आग्रहही व्यर्थ आहे, कारण पहिल्या काही शिकारींतच नवा संसर्ग होतो. मात्र एका प्रदेशातील पक्षी दूरच्या प्रदेशात सोडायचा असल्यास तपासणी आवश्यक ठरते. अन्यथा तेथे नसलेला कृमी नव्या पोशिंद्यांत पोहोचू शकतो.

केंद्रांत प्रतिबंधासाठी पिंजऱ्यातील मातीचा वरचा थर बदलणे, भुंगेऱ्यांना व गांडुळांना आळा घालणे, विष्ठा व न खाल्लेले मांस रोज उचलणे आणि रानातून पकडलेल्या भक्ष्याऐवजी पैदास केलेले उंदीर वा कोंबडीची पिल्ले देणे हे उपाय योजतात. मांस गोठवल्याने अनेक अळ्या मरतात, पण सर्वच मरतात असे नाही. भारतात शिकारी पक्ष्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्यामुळे जखमी वा आजारी पक्षी घरी ठेवून त्यावर उपचार करता येत नाहीत. तो वन विभागाच्या वा विभागाने मान्यता दिलेल्या केंद्राच्या ताब्यात द्यावा लागतो.

अभ्यासाचा इतिहास

ससाणेपालनाच्या परंपरेमुळे या पक्ष्यांच्या आजारांची दखल फार पूर्वीपासून घेतली गेली. तेराव्या शतकातील सम्राट दुसरा फ्रेडरिक याचा लॅटिन ग्रंथ, कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या नावावर असलेला संस्कृत ‘श्यैनिकशास्त्र’ आणि फार्सीतील बाजनामे यांत पक्ष्यांच्या जोपासनेचे सविस्तर विवेचन आहे. कृमींचा शास्त्रीय अभ्यास मात्र सतराव्या शतकात सुरू झाला. इटलीतील फ्रान्चेस्को रेदी यांनी १६८४ साली अनेक प्राण्यांच्या शरीरांतील परजीवींची वर्णने प्रसिद्ध केली. कार्ल रुडॉल्फी यांच्या १८०८–१० मधील ग्रंथाने कृमिशास्त्राचा पाया घातला. शिकारी पक्ष्यांतील काही कृमींची नावे आजही रुडॉल्फी यांच्या वर्णनावरून ओळखली जातात.

भारतात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील साउथवेल यांचे पट्टकृमींवरील (१९३०) आणि बेलिस यांचे गोलकृमींवरील (१९३६, १९३९) खंड दीर्घकाळ आधारभूत राहिले. पुढे लखनौ विद्यापीठात आणि औरंगाबाद येथील मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात पक्ष्यांच्या कृमींचे वर्गीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. या कामाचा भर नव्या जातींच्या वर्णनावर होता. त्या कृमींचा पक्ष्यांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

मानवी आरोग्याशी संबंध

शिकारी पक्ष्यांच्या आतड्यातील बहुतेक कृमी माणसात वाढत नाहीत. ट्रायकिनेला स्युडोस्पायरॅलिस याला अपवाद आहे. मात्र माणसांतील तिचे ज्ञात उद्रेक कच्चे वा अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाल्ल्यामुळे झालेले आहेत. पक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना कृमींपेक्षा विष्ठेतील जिवाणू, पिसांची धूळ आणि पक्ष्याच्या नख्या यांपासून अधिक जपावे लागते. म्हणून केंद्रांत हातमोजे व मुखपट्टी यांचा वापर केला जातो.